खर्जातलं स्थळ

परभणीच्या स्टँडावर जिंतूरची गाडी लागली होती, पण सुटायचं नाव घेत नव्हती. शहरात विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा निघालेला. रस्ता मोकळा होईपर्यंत ड्रायव्हर चहाला गेला, आणि त्याला शोधायला कंडक्टर गेला. स्टँडाच्या लाकडी बाकावर सुमंगला एकटीच बसून होती. तिच्या शेजारी एक लांबडी काळी पेटी येऊन टेकली… आणि पेटीमागून एक तरुण.

“बसू का?”

“तुमी बसा. पेटी मावंल का बघा.”

तो हसला. झरीच्या दिनकररावांचा रंगनाथ तो. सिकंदराबादला रेल्वेवाल्यांच्या क्लबात इंग्रजी रॉकची गाणी वाजवायचा, आणि घरी ‘रेल्वेत हाय’ म्हणून सांगायचा.

“काय हाय ह्यात?”

“बेस गिटार. खर्जात बोलती.”

“वाजवा की मग.”

त्यानं वाजवली. काहीच ऐकू येईना. विजेवाचून ही मुकीच, तो म्हणाला. मग त्यानं गिटारीचं बूड बाकाला टेकवलं, जाड तार छेडली… आणि बसल्या जागी फळी घुमली. सुमंगला दचकून बाजूला सरकली. मग, कुणी बघत नाहीसं पाहून, हळूच होती तिथं परत आली.

“जात्यासारखं वाजायलंय,” ती म्हणाली. “माय जातं ओढायची अन् मी गायची. औंदा माय गेली. आता दळण गिरणीतून येतं. गाणं… येतच न्हाई.”

समजूत घालायच्या ऐवजी त्यानं तीच तार पुन्हा छेडली. तेच तिला बरं वाटलं.

“ह्यात थोर वाजवणारा कसा ओळखायचा?” तिनंच विषय बदलला.

“रॉकमधी गाणारा केस उडवतो, गिटारवाला गुडघ्यावर येतो. बेसवाला ड्रमपाशी खांबासारखा उभा. भरभर बोटं नाचवणारे लय हायत. पण थोर तो, जो ड्रमचा ठोका अन् गाण्याचा सूर एका गाठीत बांधतो. कुठं वाजवायचं न्हाई, हे त्याला कळतं. अन् तो थांबला की लोकांना वाटतं, काहीतरी गेलं… काय गेलं, ते सांगता येत न्हाई.”

सुमंगलेनं बाकाच्या फळीवर तळवा ठेवला.

“मला येतं सांगता,” ती म्हणाली.

रस्ता मोकळा झाला, दोघं चढली, गाडी सुटली. झरीला आधी पेटी उतरली, मग तो. त्यानं वळून पाहिलं तेव्हा सुमंगला अगदी मन लावून दुसऱ्या खिडकीबाहेर बघत होती.

तिच्या तिकिटाचं गाव त्यानं कंडक्टरकडून काढून घेतलं होतं. पोळ्याच्या आत झरीहून बोरीला, सुमंगलेच्या घरी, स्थळ आलं. मुलगी बघायला गिटार घेऊन येणारा मुलगा बोरीकरांनी पाहिला नव्हता. सुमंगलेचे वडील किशनराव मास्तर त्या पेटीकडे, परीक्षेत कॉपी सापडावी तसे बघत होते.

चहापोहे झाले. रिवाजाप्रमाणे दिनकरराव म्हणाले, “पोरीला एखादं गाणं म्हणू द्या.”

“गात न्हाई ती,” मास्तर म्हणाले.

“मग पोरालाच वाजवू द्या की!” सुमंगलेची चतुराआत्या दारातून म्हणाली. “पेटी काय आहेर म्हणून आणली का?”

रंगनाथनं गिटार दिवाणाला टेकवली. दिवाणावर बसलेल्या वडीलधाऱ्यांना सूर खालून पोचला. दिनकररावांनी दचकून पाय वर घेतले. दारात सुमंगलेच्या हातातल्या कपबशा किणकिणल्या. पोर लाजली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

“गाणं कवा सुरू होणार?” मास्तरांनी विचारलं.

“हेच हाय, मास्तर.”

“म्हंजे अर्धंच शिकलेत तुमी.” मास्तरांनी टोपी नीट केली. बैठक मोडायची त्यांची तीच खूण. सुमंगलेला ती लहानपणापासून ठाऊक होती. आता नाना ‘कळवतो’ म्हणतील, आणि कधीच कळवणार नाहीत…

तिनं ट्रे खाली ठेवला. दिवाणाला पाठ लावून सरळ जमिनीवर बसली आणि ओवी धरली. मायच्या हाताच्या लयीची, जात्याच्या फेऱ्याची. रंगनाथनं खालचा सूर धरला; पहिली ओळ नीट गेली. दुसरीला आवाज फाटला, थांबला. आत्यानं पदर तोंडाला लावला. रिकामी जागा भरायला रंगनाथला काय, वाटेल तेवढे सूर येत होते. त्यानं एकही वाढवला नाही. तोच खालचा सूर, तसाच, गोल… गोल… तिची वाट बघत फिरवत राहिला.

आणि आवाज आला. ओला, पण अख्खा.

ओवी संपली तेव्हा मास्तर उठून अंगणात गेले आणि निमूट रवंथ करणाऱ्या म्हशीवर उगाचच ओरडले.

मग दोघांना बोलायला माजघर मिळालं. म्हणजे दार अर्धं उघडं, आणि दारामागं आत्याचा खोकला.

“लग्नानंतर… मी गायले तर चालंल का?” सुमंगलेनं बोटानं जमीन कोरत विचारलं.

तिनं वर पाहिलं.

“चालंल म्हणणारा मी कोण?” रंगनाथ म्हणाला. “बेसवाला गाणाऱ्याला परवानगी देत नसतो.”

“मग काय करतो?”

“ऐकतो… अन् मधीच सोडून जात न्हाई.”

आत्या खोकायची विसरली.

“मी सांगतो मास्तरांना,” तो उठायला लागला. “लय रागावले असले तरी—”

“बसा तुमी,” सुमंगला म्हणाली. तिनं पदर सारखा केला, दार पुरतं उघडलं. “नानांना मीच सांगते.”

आणि ती अंगणात, म्हशीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बापाकडे चालत गेली.