बार्लोची चाल

बाबांच्या घोड्याची चाल मी झोपेतही ओळखली असती. म्हणूनच तर एप्रिलमधल्या त्या शनिवारी माझी अशी शोभा झाली.

धुकं अजून खोऱ्यातून उठलं नव्हतं. मी अंगणात चादरी वाळत घालत होते आणि खालच्या रस्त्यावरून टापा ऐकू आल्या... टक-टक-टक-टक. चारही पाय एकामागून एक, सारख्या अंतराने पडणारे. आमच्या केंटकीच्या डोंगरात माणूस चेहऱ्याआधी घोड्याच्या चालीवरून ओळखतात. हातातली चादर चिखलात टाकून मी फाटकाकडे धावले आणि ओरडले, "बाबा!"

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

धुक्यातून बाबांचा बार्लोच आला. तेच चॉकलेटी अंग, तीच फिकट सोनेरी आयाळ. वर मात्र एक उंच, हडकुळा माणूस. त्याने टोपी काढली आणि गंभीरपणे विचारलं, "इतका म्हातारा दिसतो का हो मी?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

तो वेंडेल स्टॅम्पर. डोंगरापलीकडे राहायचा, लाकडाच्या गिरणीत कामाला होता. बार्लो त्याने लिलावात घेतला होता. बाबांच्या माघारी त्या घोड्याच्या डोळ्यांकडे मला बघवेना, म्हणून मीच त्याला विकून टाकला होता, आणि मग सहा महिने रडले होते. शहाणपणा माझा, दुसरं काय! धुक्यात वाट चुकली, लगाम सैल सोडला, तर घोडा सरळ इकडेच आला, असं वेंडेल सांगत होता. बार्लोने तोवर माझ्या खांद्यावर तोंड टेकवलं होतं. या घोड्यांची जातच अशी मायाळू.

मी कॉफी आणली, तीही काठोकाठ भरून. आमच्याकडची रीतच आहे — स्वाराने भरला कप हातात धरून घोड्यावरून ओढ्यापर्यंत जाऊन यायचं. सांडली, तर घोडा कुचकामी. वेंडेल गेला, आला. थेंब सांडला नव्हता.

"घोडा गुणी आहे. स्वाराचं अजून काही सांगता येत नाही," मी म्हटलं.

"मग पुढच्या शनिवारी बघा," तो म्हणाला.

तो दर शनिवारी यायला लागला. दर वेळी एकच सबब — मी कुठे येतो, हा घोडाच आणतो. घोड्याला सांगा कॉफी संपली, असं मी म्हणायचे आणि कप भरायचे. तो पायरीवर बसायचा, घरात कधी आला नाही. बोलता बोलता नजरानजर झाली की आम्ही दोघंही घाईघाईने बार्लोकडे बघायचो. हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं. तो गेला की मात्र पुढचे सहा दिवस खायला उठायचे. एका आठवड्यात तर टपालवाल्याशी दोन शब्द आणि कोंबड्यांशी चार, एवढंच बोलणं झालं. रेडिओ मी नुसता आवाजासाठी लावून ठेवायचे.

सप्टेंबरात तो एकदा आला, तो उतरल्या उतरल्या खोगीर सोडायला लागला. गिरणी बंद पडली होती. ओहायोत ट्रकच्या कारखान्यात काम मिळालं होतं, सोमवारी निघायचं होतं.

"बार्लोला ठेवून घे, डेल्फा. तुझाच आहे तो."

ज्याच्यासाठी सहा महिने रडले, तो घोडा दारात उभा होता. आणि मी बघत होते वेंडेलकडे.

"शुक्रवारी येशील ना?" मी विचारलं. आमच्याकडची कितीतरी माणसं तिकडे कामाला आहेत. शुक्रवारी काम सुटल्याचा भोंगा झाला की पाच-पाच तास गाडी हाकत सगळी डोंगरात परततात.

तो आयाळीतून बोटं फिरवत राहिला. "ती माणसं घरी येतात गं. माझं इथे कोण आहे? आई गेली... घरही भाड्याचं. घोडा तेवढा होता."

आता बोलले नाही, तर जन्मभर कोंबड्यांशीच बोलावं लागेल, हे मला स्वच्छ कळत होतं. बाबा दवाखान्यात होते, तेव्हाही मी मनातलं मनातच ठेवलं होतं.

"इथे ये," मी म्हटलं. "घोड्यासाठी नको. माझ्यासाठी ये. मला फार एकटं वाटतं, वेंडेल... आणि तू आलास की नाही वाटत."

कान लाल झाले होते त्याचे. मग म्हणाला, "साडेतीनला सुटी होते. साडेआठ वाजतील. चालेल?"

मी मान डोलावली.

तो सोमवारी गेला. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार तर सरता सरेना. शुक्रवारी दुपारीच मी घेवड्याच्या शेंगा शिजवल्या, मक्याची भाकरी भाजली. येईल की नाही, कुणास ठाऊक. मग फडताळातून दुसरं ताट काढलं. त्याच्यावर दोन वर्षांची धूळ होती. ते मी दोनदा धुतलं.