यंदा ओंडकेवाले सातवे

आल्सीद गोदांने यंदा जे केलं, ते कुणा परक्याने केलं असतं तर मी दाराला कडी घालून विसरून गेले असते. पण बावीस वर्षं ज्याने माझ्या स्वयंपाकघरात बसून कुट्टूची धिरडी काकवीत बुडवून खाल्ली, त्या माणसाने मला न भेटता, न विचारता सरळ पेपरात छापून टाकावं… की यंदा आपले ओंडकेवाले आठ संघांत सातवे येणार!

माझ्या सुनेने, जिनेतने, ते मला वाचून दाखवलं. मी तीन इयत्ता शिकलेली. अक्षरं मला येतात, पण ती मी वाचून नाही शिकले, शिवून शिकले. एकतीस वर्षं ओंडकेवाल्यांच्या, म्हणजे आमच्या गावच्या बर्फावरच्या हॉकी संघाच्या जर्सींवर पाठीमागे खेळाडूंची नावं मीच शिवते.

"‘बचाव म्हातारा, गोलकीपर नवखा, कप्तानाचा गुडघा भरवशाचा नाही,’" जिनेत वाचत होती. "‘गावाने यंदा फार आशा ठेवू नये.’"

"पुरे," मी म्हटलं. "आणि माझं नाव?"

"तुमचं नाव कशाला असेल त्यात, आई?"

कशाला असेल! गेल्या बावीस वर्षांच्या प्रत्येक भाकितात माझं नाव नव्हतं, पण मी होते.

सांगते. सप्टेंबर लागला की चाळीसेक पोरं निवडीला येतात, बावीस जागांसाठी. वरच्या मोठ्या लीगमध्ये जाता जाता राहिलेले, वर जाऊन परत आलेले, असे सगळे. तेव्हा त्यांच्या पाठी कोऱ्या असतात, नुसता आकडा. दुसऱ्या गुरुवारी कोच माझ्याकडे यादी पाठवतो. ज्याचं नाव मी शिवलं तो राहिला, बाकीच्यांनी पिशवी उचलायची. म्हणजे संघ कसा आहे ते सगळ्या गावाआधी मला कळतं. त्यातून मापंही मीच घेते. उन्हाळ्यात कोण धावला आणि कोण बिअर पीत ओसरीवर बसला, ते माझ्या फितीला बरोबर समजतं.

आल्सीद रेडिओवर सामने सांगतो आणि दर सप्टेंबरला पेपरात हंगामाचं भाकीत लिहितो. यादीतली नावं मी त्याला कधी सांगितली नाहीत, तोंड शिवलेलंच ठेवलं. तोही इमानदार, नावं विचारायचा नाही. धिरड्याचा तुकडा मोडत नुसतं म्हणायचा —

"यंदा काय, मादाम थेरियो? खांदे की पोट?"

"खांदे," मी म्हणायची. किंवा, "पोट. आणि तुमचंही."

"माझं माप तर तुम्ही कधी घेतलंच नाही…"

"फीत पुरायची नाही."

मग तो हसायचा, आणि मी शेगडीकडे तोंड करायची. माझ्या तोंडावर काय उमटतं ते त्याने बघायची गरज नव्हती.

तो पहिल्यांदा आला तो भांडायलाच. ऑक्टोबरचा पाऊस, नदीवरून येणारा, तिरपा आणि बोचरा. दार उघडलं तर टोपी छातीशी धरून एक उंच माणूस. टोपी कोरडी, डोकं चिंब!

"मादाम थेरियो?"

"उंबऱ्यात पाणी सांडू नका. आत या, नाहीतर बाहेर राहा."

तो आत आला. "तुमची अक्षरं फार बारीक आहेत, मादाम. मैदानावरच्या माझ्या रेडिओच्या खोलीतून मला पेलेतिए आणि पेलेरँ सारखेच दिसतात. परवा एकाचा गोल मी दुसऱ्याच्या नावावर घातला. त्याच्या आईने फोन करून माझा उद्धार केला."

"मग चष्मा घ्या."

"घेतलाय."

"मग दुसरा घ्या."

तो हसला. माझा नवरा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्या स्वयंपाकघरात चार वर्षांत कुणी हसलं नव्हतं, हे मला तो हसला तेव्हाच कळलं… भिंतीसुद्धा दचकल्यासारख्या वाटल्या.

त्याच आठवड्यात मी पेलेतिएचं नाव उसवलं आणि अर्धं बोट मोठं करून शिवलं. का, ते मला विचारू नका.

पुढे त्याची नजर हळूहळू अधू होत गेली. तो बोलला नाही. पण चहाचा कप ठेवताना टेबलाची कड आधी बोटाने चाचपायचा, ते मला दिसत होतं. मग दर दोन-तीन वर्षांनी मी अक्षरं थोडी वाढवत गेले. सूतभर, कधी दोन सुतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. पाठी रुंद असतात पोरांच्या.

आणि यंदा हा आलाच नाही. यादीच्या गुरुवारी मी पीठ भिजवून ठेवलं होतं. चार वाजले, पाच वाजले. पीठ आंबून वर आलं. मी एकटीने दोन धिरडी खाल्ली आणि उरलेलं पीठ ओतून दिलं. मुलगा कारखान्यात, जिनेत दुकानात, धाकटे दोघे केव्हाच पश्चिमेला गेलेले. मशीन चालू केलं की घरात आवाज होतो, बंद केलं की नाही. त्या आठवड्यात मी बावीस नावं शिवून संपवली, तरी उगाच मशीन चालवत बसले. रिकाम्या कापडावर.

पुढच्या शुक्रवारी पेपर आला. आणि मंगळवारी संघाचे मॅनेजर लेव्हेक आले, हातात कागद, चेहरा पडलेला.

"मादाम, लीगचं पत्र आहे. आपली अक्षरं मोजली त्यांनी. नियमापेक्षा दीड बोट मोठी आहेत. सगळी उसवायला लागणार."

"एकतीस वर्षांत कुणाला दिसलं नाही, आत्ताच दिसलं?"

"पत्र ऑगस्टमध्येच आलं होतं. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही." ते टोपी फिरवत म्हणाले, "मी आधी गोदांला दाखवलं. म्हटलं, त्याला काही ठाऊक असेल. त्याने जुन्या जर्सी मागितल्या. एकेक घेऊन बोटांनी मोजत बसला. वर्षावर्षाच्या. मग म्हणाला, ‘माझ्यासाठी वाढली ही, लेव्हेक. माझे डोळे गेले तशी वाढली.’ आणि उठून गेला."

मी टेबलावरची फीत गुंडाळून ठेवली.

"तो जातोय, मादाम. माँक्टनला, बहिणीकडे. शनिवारचा सराव सामना सांगणार, तो शेवटचा."

तर हे होतं. माझी बावीस वर्षांची चोरी सापडली होती. आणि त्या माणसाला ते गोड वाटायच्या ऐवजी लाज वाटली! एका बाईने आपलं अंधत्व आपल्याआधी मोजलं, याची लाज. म्हणून धिरडी नाहीत, म्हणून खांदे की पोट नाही, म्हणून सातवा नंबर.

जिनेत म्हणाली, "आई, जा ना त्यांच्याकडे."

"आमच्या घराण्यातल्या बाया पुरुषांच्या मागे जात नाहीत," मी म्हटलं. "फक्त त्यांच्या शवपेटीच्या मागे जातात."

"तोवर थांबणार आहात का?"

सून फार बोलते. पण मी तिला ओरडले नाही.

तीन दिवस मी नावं उसवली आणि नियमाच्या मापाने परत बारीक शिवली. एकेक टाका. उसवताना आवाज होत नाही, हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं. खिडकीबाहेर मेपल लाल होत होते, नदीवरून कारखान्याचा तो उकडलेल्या कोबीसारखा वास येत होता, आणि मी दीड बोट, दीड बोट करून त्या माणसाला माझ्या आयुष्यातून कापत होते… नियमाप्रमाणे.

शनिवारी दुपारी मी चांगला निळा कोट घातला आणि छपराखालच्या बर्फाच्या मैदानावर गेले. बाहेर ऊन, आत ताज्या बर्फाचा गारवा. माझी जागा खालच्या बाकावर, एकतीस वर्षांची. तिथे मी बसले नाही. लाकडी जिना चढून वर गेले, गुडघे कुरकुरले तरी.

त्याची खोली खोक्याएवढी. तो यंत्रासमोर बसलेला, पाठ माझ्याकडे. खेळ सुरू झाला होता.

"…चकती डावीकडून पुढे… आपला… आपला खेळाडू… आणि फटका… अडवला…"

आपला खेळाडू! ज्याने बावीस वर्षांत प्रत्येकाला नावाने, त्याच्या आईच्या माहेरासकट सांगितलं, तो आज ‘आपला खेळाडू’ म्हणत होता. खाली लोक एकमेकांकडे बघत होते. आमच्याकडे निम्मी माणसं बाकावर बसून कानाला रेडिओ लावूनच खेळ बघतात. डोळ्यांनी पाहिलेलं आल्सीदने सांगितल्याशिवाय त्यांना पटत नाही.

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. त्याने वळून पाहिलं… म्हणजे माझ्या थोडं बाजूला पाहिलं.

"साबणाचा वास," तो हळूच म्हणाला. "मादाम थेरियो."

"चकती ब्युलिएकडे आहे," मी म्हटलं. "बोला."

"कप्तान ब्युलिए… अक्षरं दिसतात तुम्हाला इथून?"

"अक्षरं कशाला हवीत? उजवा खांदा खाली टाकून पळतो तो, लहानपणी झाडावरून पडल्यापासून. गुडघा मस्त आहे त्याचा. पेपरात काहीही लिहितात लोक! आता दिली थिबोदोला. तो थोरला नाही, धाकटा. सगळा उन्हाळा बिअर ढोसली मेल्याने, कंबर तीन बोटं वाढलीय. बघा, पडला! उठतोय का? क्रेनच आणा!"

खाली हास्याचा फुगा फुटला. सगळी डोकी वर वळली. धाकटा थिबोदो बर्फावर गुडघ्यांवर तसाच बसून वर बघत होता.

"मादाम," आल्सीद ओठ दाबून म्हणाला, "यंत्र चालू आहे."

"असू दे. मी खोटं बोलले का?"

मग मी त्याच्या कानात सांगत गेले आणि तो बोलत गेला. माझं ‘हा गाढव’ त्याच्या तोंडून ‘हा अनुभवी बचावपटू’ होऊन बाहेर पडत होतं. नवा फिनलंडचा गोलकीपर, ज्याला त्याने नवखा म्हटलं होतं, त्याने नऊ फटके अडवले. मी म्हटलं, "याचे हात मी मोजलेत, गुडघ्यापर्यंत येतात." आल्सीदने तेही गावाला सांगितलं. आमच्या कोपरांत वीतभर अंतर होतं. मग ते राहिलं नाही. खोली अरुंद आहे ती.

मध्यंतर झालं. त्याने एक बटण दाबलं, लाल दिवा विझला.

"सातवे का लिहिलंत?" मी विचारलं.

"जिथे बघावं तिथे, मधोमध धुकं आहे, ओडील. कडेचं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणतो, आता असंच राहणार."

बावीस वर्षांत पहिल्यांदा ओडील म्हणाला. मी लक्ष दिलं नाही, असं दाखवलं.

"धुक्याचं कारण मला सांगू नका. सातवे का?"

"खरं सांगू?" त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी नसताना ते पहिले आले तर… मी नसताना गाव नाचलं तर… तिकडे खिडकीशी बसून ते ऐकवलं नसतं मला. म्हणून हरवलं त्यांना. आधीच."

"मग आठवेच का नाही लिहिलं? करायचं तर पुरतं करायचं."

"आठवे कसे येतील?" तो हसला, तेच हसू, जरा ओलं. "पाठीवर तुमची शिवण आहे."

मी खाली बर्फाकडे बघत राहिले. बर्फ पुसणारी गाडी गोल गोल फिरत होती, मागे पाण्याचा चकचकीत पट्टा सोडत.

"त्या जर्सी मोजल्या तेव्हा," तो म्हणाला, "पहिल्यांदा राग आला. मग लाज. मग… घरी जाऊन बसलो आणि वाटलं, बावीस वर्षं कुणीतरी रोज माझ्याकडे बघत होतं, आणि मला वाटत होतं मी एकटा आहे. कसं यायचं हो मग धिरडी खायला? कोणत्या तोंडाने?"

"आहे त्याच. दुसरं कुठे आहे तुमच्याकडे?"

"मंगळवारची बस आहे."

"ठाऊक आहे."

"तिकीट बहिणीने पाठवलंय. ती म्हणते, इथे माझं कोण आहे?" तो थांबला. त्याचा हात टेबलाच्या कडेवर काहीतरी चाचपत होता. "मी तिला काय सांगू?… तुम्ही गप्प का? तुम्ही कधी गप्प नसता. जो काही निकाल असेल तो देऊन टाका."

खाली भोंगा वाजला. पोरं परत बर्फावर उतरत होती. त्याचं बोट लाल दिव्याच्या बटणाकडे गेलं. मी ते बोट धरलं आणि तसंच धरून ठेवलं. गावाने दोन मिनिटं वाट बघितली तर काही बिघडत नव्हतं.

"ऐक, आल्सीद गोदां," मी म्हटलं. "तू गर्विष्ठ आहेस, भित्रा आहेस आणि पेपरात खोटं लिहितोस. पण बहिणीच्या खिडकीशी बसण्याइतका तू अजून म्हातारा झालेला नाहीस, आणि घरात एकटी मशीन चालवत बसण्याइतकी मी आता तरुण राहिलेले नाही. लग्नाचं पाद्रीबाबांशी मी बोलते. तू सोमवारी सामान घेऊन माझ्याकडे ये. आणि मागच्या दाराने नाही, पुढच्या. दिवसाउजेडी, सगळ्यांना दिसेल असा."