ज्योतीचा खकाणा

"ह्या कढईत आजवर काय काय तळलं असेल, देव जाणे," मालतीबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या. "घरी कणीक मळून ठेवलेली. पण न्हाई, तुला चायनीज खायचंय!"

"आई, हळू. शिवप्रसादअण्णा इथंच उभे आहेत."

"ऐकू दे की."

तर हे घडलंय. हुमनाबादेत, भर गल्लीत, सतरा माणसांच्या देखत. ज्यांना पटत नाही त्यांनी इथूनच परत जावं, भार्गवीला कुणाला पटवत बसायची हौस नाही. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती. फेब्रुवारीतला रविवार, दुपारचा दीड. बाहेर डोळे दिपतील असं ऊन.

शिवप्रसादचं चायनीज हॉटेल भार्गवीच्या घराला पाठ लावूनच आहे. आगीनंतर वर्षभर बंद होतं. त्या दिवशी पुन्हा उघडलं आणि त्यानं अख्ख्या गल्लीला जेवायला बोलावलं. शाळेत शिकवणारी भार्गवी, तिची सासू मालतीबाई आणि तीन वर्षांची हर्षिता खिडकीजवळ बसल्या होत्या.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक बाई एकटीच बसली होती. सत्यभामाबाई, दुबलगुंडीच्या. ज्योतीची आई.

ज्योती इथली आधीची आचारी. लवंगी मिरची, लसूण आणि भाजलेले कारळ घालून ती नूडल्स करायची. तसलं चायनीज चीनमध्येसुद्धा मिळत नसेल. नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं आणि माणूस म्हणायचं, अजून वाढ.

सकाळी दहाला ती कडकडीत तेलात मिरची सोडायची. तो तिखट धुराचा खकाणा मागच्या दारानं थेट गल्लीत शिरायचा. पोरंबाळं खोकून बेजार.

मग गल्लीनं रीत पाडली. ज्याला पहिला ठसका लागेल त्यानं जाऊन मागच्या दाराला बाहेरून कडी घालायची. चटणी झाली की ज्योती आतून उलथन्यानं दार वाजवायची. तीनदा. "अक्का, झालं ओ! काढा!"

कुणीतरी काढायचं.

त्या दिवशीही दार वाजलं होतं.

रोजच वाजायचं. दुसरं कुणी काढेल, असं प्रत्येकाला वाटलं.

गॅसची नळी निसटून आग लागली होती. पुढं जायचं दार आगीच्या पल्याड. राहिलं ते मागचं. कुणाच्या तरी लक्षात येऊन कडी काढली, तोवर फार उशीर झाला होता.

पंचनाम्यात मात्र सगळ्यांनी एकच सांगितलं... मागचं दार उघडंच होतं. पोरीचाच निष्काळजीपणा. घाबरून गेली असेल.

भार्गवी तेव्हा शाळेत होती. संध्याकाळी तिनं विचारलं, "कडी कुणी घातली होती?" कुणी दूध तापवायला उठलं, कुणी कपडे गोळा करायला. तिनंही पुन्हा विचारलं नाही. ते तिला अजून खातं.

असो. नूडल्स आल्या.

मालतीबाईंनी पहिला घास घेतला आणि त्यांचा हात थांबला.

नूडल्सना काळे काळे दाणे चिकटले होते... कारळ.

"कारळ घातलेत व्हय रे?" शिवप्रसादनं आत वाकून विचारलं.

नवा आचारी चन्नवीर दारात आला. आळंदकडचा, साधा माणूस. "न्हाई ओ अण्णा. कारळ आणलेतच कुठं? मिरची बी अजून फोडली न्हाई म्या."

तेवढ्यात आत...

टण्.

टण्. टण्.

लोखंडावर उलथनं आपटावं तसा आवाज. चन्नवीर तर बाहेर उभा. स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं.

कुणी कुणाकडे बघेना.

मग वास आला. जळत्या मिरचीचा.

धूर कुठंच दिसत नव्हता. शेगडी बंद होती. तरी अंकुशरावांना पहिला ठसका लागला. किराणावाले अंकुशराव. पंचनाम्यात पहिला जबाब त्यांचा.

मग दुसरा जबाब देणारा खोकला. मग तिसरा.

त्याच क्रमानं.

भार्गवीला वास येत होता, पण ठसका लागत नव्हता. चन्नवीरलाही नाही. कोपऱ्यात सत्यभामाबाई तर शांत बसलेल्या. पुढ्यातल्या ताटाला त्यांनी हात लावला नव्हता.

"दार उघडा!" कुणीतरी ओरडलं.

काचेचं दार उघडेना. पलीकडे रस्त्यावरून माणसं चालली होती, उन्हात, आरामात. आत काय चाललंय ते कुणाला दिसत नसावं.

शिवप्रसाद मागच्या दाराकडे धावला. नव्या दाराला बाहेरून कडी बसवायचीच नाही, असं त्यानं सुताराला बजावून सांगितलं होतं.

सगळ्यांनी ऐकलं...

बाहेरून कडी सरकली.

तो धडका देत राहिला. दार जागचं हललं नाही.

आणि मग हर्षिता खोकली.

भार्गवीनं तिला छातीशी धरलं, पाणी पाजलं, पदरानं वारा घातला. खोकला थांबेना. पोरीचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. ओठ निळे पडत चालले.

"हिचा काय दोष गं?" भार्गवी त्या रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघून ओरडली. "ज्योती! दोन वर्षांची होती ही! हिनं काय केलंय तुझं?"

आतून उत्तरासारखं एकच...

टण्.

हर्षिता आज बरी आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पण भार्गवी अजून घरात मिरची भाजत नाही. भाजायची झालीच तर आधी घरातली सगळी दारं सताड उघडी टाकते आणि उंबऱ्यावर कुणाला तरी बसवून ठेवते.

त्या दुपारी सत्यभामाबाई उठल्या. वर्षभर त्या एकच प्रश्न घेऊन या गल्लीत यायच्या आणि लोक त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. तोच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला. आवाज चढवला नाही.

"दार उघडं हुतं म्हणता समदे. मग माजी पोरगी भाईर कामून आली न्हाई?"

खोकून खोकून लाल झालेली सगळी तोंडं खाली वळली. अंकुशरावांनी टेबलाची कड घट्ट धरली. शिवप्रसाद दाराला पाठ टेकून खाली बसला.

हर्षिताचा श्वास अडकला. शिट्टीसुद्धा थांबली.

मालतीबाईंनी नातीकडे पाहिलं. मग खुर्चीला धरून त्या उठल्या. टेबलं चाचपत त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि सत्यभामाबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"दार उघडं नव्हतं, बाई," त्या म्हणाल्या. "ही पोर खोकायली होती, म्हणून कडी मी घातली होती. अन् तुझ्या ज्योतीनं दार वाजवलेलं मी ऐकलं होतं."