पितळी पाटीवरचं नाव

चोरीचा आळ आलेली माणसं दोन प्रकारची असतात, असं वहिनी म्हणायच्या. काही येताच रडतात, काही येताच शपथा घेतात. ही बाई दोन्हीपैकी काही न करता खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "चार वाजायच्या आत काही होईल का?"

तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

वहिनींना सगळेच वहिनी म्हणत. खरा दीर मात्र एकच, टायपिस्टच्या नोकरीतून निवृत्त झालेले भाऊजी. नवऱ्यामागे तपासाचा धंदा वहिनींनी चालू ठेवला होता आणि भाऊजी सोबतीला असत. भाऊजींचा स्वभाव चांगला होता आणि निष्कर्ष चुकीचे.

बाई पन्नाशी उलटलेली. बाहुलीघरांच्या दुकानात ती एकतीस वर्षं कामाला होती. तिथे तिला मावशी म्हणत. कामाच्या माणसाला नात्यानं हाक मारली की बाकी काही द्यावं लागत नाही, हे शहाण्या मालकांना बरोबर कळतं.

मावशीने सांगितलं ते थोडक्यात असं. दुकानातलं सगळ्यात देखणं दुमजली बाहुलीघर संग्रहालय घेणार होतं, आणि संग्रहालयाच्या बाई ते न्यायला आजच चार वाजता येणार होत्या. त्या घरात वरच्या झोपायच्या खोलीत, मागच्या भिंतीवर, एक गोल आरसा होता. आरशाची चौकट म्हणजे मालकांच्या दिवंगत बायकोची सोन्याची अंगठी. आज सकाळी दुकान उघडलं तर काच जागेवर आणि अंगठी गायब. कुलूप शाबूत. किल्ल्या दोन, एक मालकांकडे आणि एक मावशीकडे.

"गिऱ्हाइकं उभी होती," मावशी म्हणाली. "सगळ्यांसमोर म्हणाले, मी पोलिसांत जात नाही. किल्ली ठेव आणि जा."

"मोठ्या मनाचा माणूस दिसतो," भाऊजी म्हणाले.

मावशीने त्यांच्याकडे बघितलं नाही.

काही भांडण झालं होतं का, असं वहिनींनी विचारलं. भांडण नव्हतं. घराखाली पितळी पाटी लागणार होती, तिच्यावर माझंही नाव घाला, असं मावशीने गेल्या आठवड्यात म्हटलं होतं. मालक 'बघू' म्हणाले होते.

"तुमच्याकडे काम कसलं?"

"शिवणकाम. पडदे, गाद्या, उशा." तिने मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघितलं. "असं दुकानात सांगतात."

तिची बोटं टोचून टोचून चाळणी झाली होती, त्याची भाऊजींना फार कीव आली. वहिनींनी मात्र तिची नखं बघितली. कडांना लाकडाचं तपकिरी पॉलिश बसलं होतं, आणि डाव्या अंगठ्यावर जुन्या जखमेचा लांब व्रण होता. सुईनं तसा व्रण होत नाही.

"अंगठी नाही मिळाली तरी चालेल," मावशी म्हणाली. "पण त्या बाई येतील तेव्हा मी चोर ठरून घरात बसलेली नको."

दुकान अरुंद होतं आणि छतापर्यंत भरलेलं. काडेपेटीएवढी कपाटं, बटणाएवढे तवे, उघडझाप होणारी बोटभर दारं. निम्मी गिऱ्हाइकं मोठ्या वयाची. स्वतःच्या घरात जे जमलं नाही ते लोक इथे मांडून बघत असावेत.

मालक साठीपुढचे, टापटीप, बोलायला गोड. चिमट्यानं वस्तू उचलताना त्यांचा हात जराही हलत नव्हता. तीसेक वर्षं त्यांनी हेच सामान कापसात गुंडाळून विकलं होतं.

त्यांनी घर उघडून दाखवलं. पुढची भिंत कपाटाच्या दारासारखी उघडायची. हात घालायला तेवढीच वाट, म्हणून सामान मागून पुढे लावत यायचं आणि प्रत्येक वस्तूच्या तळाला मोहरीएवढं मेण लावायचं. आरशापर्यंत पोचायचं तर पलंग, पाळणा, पेटी, दिवे, दोन खुर्च्या, सगळं मिळून अकरा वस्तू आधी बाहेर काढाव्या लागत.

"म्हणजे चोराने अकरा वस्तू काढल्या आणि परत लावल्या," वहिनी म्हणाल्या. "आणि एकही मोडली नाही."

"तेच तर म्हणतो मी. परक्याचं काम नाही हे."

मग मालक अभिमानानं एकेक वस्तू दाखवू लागले. या पलंगाला चार महिने लागले. या दोन खुर्च्या जोडीच्या, एका फळीतून कापलेल्या, अगदी एका मापाच्या. "या हातांनी केलंय सगळं," ते म्हणाले.

"आणि मावशींनी?"

"पडदे."

सकाळपासून घराला कोणी हात लावला का, असं वहिनींनी विचारलं. कोणालाही जवळ फिरकू दिलं नाही, असं उत्तर आलं. मावशीची पिशवी तपासली होती का? मालकांनी मान हलवली. "छे. एवढ्या वर्षांचं माणूस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

भाऊजींना गहिवरून आलं. गहिवर लपवायला त्यांनी गल्ल्याजवळचं निमंत्रणाचं कार्ड उचललं. त्यावर महिन्यापूर्वी काढलेला याच खोलीचा फोटो होता.

"फोटोत खोली केवढी ऐसपैस दिसते बघा, वहिनी. इथे आपली दाटीवाटी. फोटोवाल्यांची कमाल आहे."

वहिनींनी कार्ड हातात घेतलं. फोटो बघितला, खोली बघितली, पुन्हा फोटो बघितला. मग कार्डाची कोरी कड फाडून ती पट्टी आधी एका खुर्चीला लावली, मग दुसरीला, आणि नखानं खुणा केल्या. वहिनींना कंटाळा आला असावा, असं भाऊजींना वाटलं.

मालकांचा मुलगा मागच्या खोलीत खोकी फोडत होता. तिशीचा, आडदांड, मनात येईल ते बोलणारा. बाबांनी हे दुकान बंद करावं आणि मोबाइल दुरुस्तीचं टाकावं, असं त्याचं मत होतं. आईची अंगठी भिंतीला चिकटवणं त्याला पहिल्यापासून पसंत नव्हतं, ती त्याच्या बायकोला मिळायला हवी होती. काल संध्याकाळी घरातले दिवे लावून बघितले तेव्हा अंगठी होती, हे त्याने शपथेवर सांगितलं.

"तुम्ही आत हात घालता कधी?"

"मी? तीन दिवे फोडले आणि पाळण्याचा पाय मोडला, तेव्हापासून बाबा धूळसुद्धा पुसू देत नाहीत." बोलता बोलता त्याने टेबलावरचा चिमुकला कप उचलला आणि कपाचा कान त्याच्या हातात आला. त्याने तो खिशात टाकला.

भाऊजींनी वहीत लिहिलं : मुलगा. हेतू भक्कम.

पेंटर खिडकीजवळ बसून नव्या घराच्या भिंतीचा कागद रंगवत होता. त्या झोपायच्या खोलीचा पट्ट्यांचा कागदही त्याचाच. पट्टे मागे जाताना बारीक का होतात, असं वहिनींनी विचारलं.

"मागचं सगळंच थोडं बारीक करायचं. पट्टे, फरशी, सामान. त्यानं नजर फसते. नाहीतर वीतभर खोली वीतभरच दिसते."

"ही मापं कोण ठरवतं?"

पेंटरने मालकांच्या दिशेने बघितलं. "मापाचा कागद दुकानातून मिळतो," तो म्हणाला, आणि ब्रश पाण्यात घालून बराच वेळ ढवळत राहिला. आज ती खोली त्याने बघितली नव्हती. मालकांनी जवळ जाऊ दिलं नव्हतं.

बाहेर आल्यावर भाऊजींनी मुलाचं नाव घेतलं. बायकोच्या हट्टापुढे भले भले वाकतात, हा त्यांचा युक्तिवाद होता. वहिनींनी तो पुरा ऐकून घेतला आणि मावशीला साडेतीनला दुकानात घेऊन यायला सांगितलं.

संग्रहालयाच्या बाई वेळेआधीच आल्या, खोकी, कापूस आणि छापील अर्ज घेऊन. मावशीला दारात बघून मालकांचा चेहरा उतरला, पण पाहुण्यांसमोर त्यांना काही बोलता येईना.

"मालक," वहिनी म्हणाल्या, "या खोलीत चोराच्या हातून एक गोष्ट उलटी लागलीय. खोली तुम्ही केलीय. एवढं सरळ करून द्या, म्हणजे बाईंना घर नेता येईल."

मालकांनी चिमटा घेतला आणि वाकून बघितलं. पाळणा जरा वळवला. पलंग सुतभर सरकवला. पेटी उचलून परत होती तिथेच ठेवली. त्यांनी दोन्ही खुर्च्या काढल्या, तळहातावर धरल्या, आणि होत्या तिथेच पुन्हा लावल्या.

"झालं," ते म्हणाले.

"मावशी, तुम्ही बघता का?"

मावशी दारातूनच म्हणाली, "खुर्च्यांची अदलाबदल झालीय." मग ती आली, चिमटा घेतला आणि दोन हालचालींत खुर्च्या बदलल्या. मागची भिंत हातभर लांब गेल्यासारखी दिसली. भाऊजींनी खिशातून कार्ड काढलं. आता खोली फोटोसारखी होती.

"खुर्च्या एका मापाच्या नाहीत," वहिनी म्हणाल्या आणि कागदाची पट्टी टेबलावर ठेवली. "यातली एक दुसरीपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढी लहान आहे. ती मागे ठेवायची असते. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. ज्याने केल्या त्यालाच तो माहीत असतो, आणि मावशींनी तो दारातूनच ओळखला. म्हणून मावशींनी चोरी केलेली नाही. त्यांचा हात चुकून तरी असा पडेल का? पेंटरना मागचं बारीक करायचं हे पक्कं माहीत आहे, तेही ही चूक करायचे नाहीत. चिरंजीवांच्या हातून कपाचा कान वाचत नाही, ते अकरा वस्तू कशा वाचवतील? चोराचा हात चिमट्याला सरावलेला आहे, पण या खुर्च्या त्याला जोडीच्या वाटतात. मालक, सकाळी तुम्हीच मला म्हणालात, अगदी एका मापाच्या."

भाऊजींनी वही मिटली.

"आणि ज्याच्या बायकोची अंगठी गेली, त्याने झडती घेतली नाही, तक्रार केली नाही," वहिनी पुढे म्हणाल्या. "ज्याची अंगठी खरंच चोरीला जाते, त्याला ती परत हवी असते. तुम्हाला फक्त किल्ली परत हवी होती. आज चार वाजता घर कोणी केलं हा प्रश्न निघणार, तेव्हा मावशी या खोलीत नको होत्या. चोर ठरलेल्या बाईनं उद्या काहीही सांगितलं तरी ते कोण खरं मानणार?"

मालकांनी चष्म्याच्या डबीतून अंगठी काढली आणि टेबलावर ठेवली. मुलाने बापाकडे बघितलं आणि मग नजर फिरवली.

"मी काढली," मालक म्हणाले. "मावशीचा काही दोष नाही. हवं तर लिहून देतो."

खरोखरच त्यांनी कागद ओढला आणि चार ओळी लिहून खाली सही केली. एवढं सहज होईल, असं भाऊजींना वाटलं नव्हतं.

"मग हे सामान केलं कोणी?" संग्रहालयाच्या बाईंनी विचारलं.

मालक पेनाचं टोपण लावत राहिले.

"पलंगसुद्धा तुम्हीच?" वहिनींनी मावशीला विचारलं.

"पलंग, पाळणा, जिना, दारं. सगळंच. शिवणवालीनं केलेलं सामान कोण घेणार, असं सुरुवातीला म्हणाले. मलाही नोकरी हवी होती. सकाळी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, आळ आला म्हणून बाई काहीही बोलते." ती मालकांकडे वळली. "अंगठीचं मी विसरते. मला परत कामावरही यायचं नाही. फक्त या बाईंना सांगा, हे हिने केलंय. एकदाच सांगा."

मालक टेबलाकडे बघत होते. "चोरी मी कबूल केली," ते म्हणाले. "विचारलं तेवढं सांगितलं."

"बाबा, सांगा ना," मुलगा म्हणाला.

"लोक इतकी वर्षं माझे हात बघायला येतात," मालक म्हणाले, आणि मग त्यांनी तोंड उघडलं नाही. चोर म्हणवून घ्यायला हा माणूस तयार होता, पण तिचं नाव त्याच्या तोंडातून निघेना. वहिनींना त्या क्षणी त्याची किळस आली.

संग्रहालयाच्या बाईंनी पेंटरला विचारलं. तो म्हणाला, मी भिंतीपुरता येतो, मला बाकीचं माहीत नाही. त्याला उद्याही इथेच काम करायचं होतं.

"मला डोळ्यांनी दिसतंय," बाई मावशीला म्हणाल्या. त्या ओशाळल्या होत्या. "पण घर दुकानाचं आहे. दुकानाने लिहून दिल्याशिवाय मला तुमचं नाव घालता येत नाही. त्यांचं तर मी घालणारच नाही." त्यांनी अर्जात कर्त्याच्या रकान्यात लिहिलं : अज्ञात.

वहिनींनी वाद घालून बघितला, पण नियमापुढे त्यांचं काही चाललं नाही. मावशीचं निर्दोषपण त्यांनी चार तासांत सिद्ध केलं होतं, आणि तिच्या हाती आलं होतं ते एवढंच.

चार वाजून गेले. दोन्ही मजल्यांचं सामान बाहेर काढायचं होतं आणि ते कोणत्या क्रमानं काढायचं हे एकाच माणसाला नीट ठाऊक होतं. मावशीने बाह्या सारल्या. एकेक वस्तू तिने काढली, तळाचं मेण पुसलं, कापसात गुंडाळली, खोक्यावर आकडा घातला. पलंग गुंडाळताना तिचे डोळे भरले, तेव्हा ती थोडी थांबली. मदत करू का, असं कोणी विचारलं नाही.

शेवटचं खोकं बंद झालं तेव्हा बाईंनी अर्जाचं मागचं पान पुढे केलं. तिथे अगदी खाली एक ओळ होती : सामान बांधून देणाऱ्याचं नाव.

"इथे तुमची सही लागेल," त्या म्हणाल्या.

मावशीने ती ओळ बोटानं वाचली.

"पूर्ण नाव लिहू का?"

"लिहा."

तिने सावकाश, वळणदार अक्षरात, बापाच्या नावापासून आडनावापर्यंत सगळं लिहिलं. ओळ संपली, तेव्हा उरलेली अक्षरं तिने समासात बसवली.