हिल्लाची जागा

बाजारात रिमझिम सुरू झाली, तशी ताइमी सलगमच्या जुड्यांवर ताडपत्री ओढू लागली. तेवढ्यात शेजारच्या रिकाम्या ओट्यावर एका उंच पोरानं बादली टेकवली. आत हिल्ला होती! दलदलीत उगवणारी ही केशरी फळं उन्हाळ्यात जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात.

"कुठून आणलीस रे?"

"बादलीतून."

"शहाणाच आहेस! जागा विचारतेय मी."

"दात माग, उपटून देतो. जागा नाही सांगणार. आईनं सख्ख्या मामीलाही पत्ता लागू दिला नाही."

त्यात वावगं काही नव्हतं. उत्तर फिनलंडमध्ये हिल्लाची जागा फक्त घरच्या माणसालाच सांगतात.

पोराचं नाव वेइक्को. हिल्ला संपली तरी तो येतच राहिला... कधी ब्लूबेरी घेऊन, कधी बटाटे.

"बर्फ पडल्यावर काय विकशील?" ताइमीनं चिडवलं.

"बर्फच. तू घेशील ना?"

ती लाजली. जीव केव्हाच गुंतला होता तिचा. त्यानं एकदा जागा सांगावी, एवढीच तिची आस होती.

सप्टेंबरअखेर कोबीवर दव गोठू लागलं. बाजाराच्या शेवटच्या दिवशी वेइक्को रिकाम्या हातानं आला. वाकून हळूच म्हणाला, "तळ्यापलीकडे पडकं खोपट आहे ना... त्याच्या मागे, वाकड्या पाइनपाशी."

ताइमीच्या हातातला कोबी निसटला. "वेइक्को! म्हणजे तू मला—"

"बाबांनी शेत विकलं गं. परवा सगळे स्वीडनला निघालोय, कारखान्यात कामाला."

आनंदानं भरून आलेले डोळे तसेच वाहू लागले. "मग मला कशाला सांगितलीस?"

"दुसरं कोण आहे मला? हिल्ला पिकली की येतो. मी येईपर्यंत तोडू नकोस हं."

पुढच्या उन्हाळ्यात ती रोज खोपटामागे जाऊन बसायची. लाल फळं केशरी झाली. मग मऊ पडली, बोट लावताच गळू लागली. वाटेवर कुणीच दिसलं नाही. त्याच्यावर रागावणंही तिला जमेना. शेवटी तिनं उरलीसुरली तोडली. पाइनखालची तेवढी राहू दिली.

बाजारात एका गिऱ्हाइकानं बादलीत डोकावून विचारलं, "कुठून आणलीस गं?"

"दात माग..." ताइमी हसत म्हणाली, आणि पुढचं तिला बोलताच आलं नाही.