उष्टी गाठ

शेवटचा एक गळ उरला होता, तेवढा संपवायला समाधान निघाला होता. यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. रविवारची दुपार, जेवणं आटोपलेली, नाशिक रोडच्या त्या कॉलनीत घराघरांतून भांडी घासल्याचे आवाज. त्याने रॉड स्कूटरला बांधला, घडीची खुर्ची मागे अडकवली, डबा पायापाशी ठेवला. बायको, शुभांगी, दारात आली. आज शेवटचं, दिवेलागणीला परत, असं त्याने सांगितलं. हे ‘शेवटचं’ तिने बऱ्याच रविवारी ऐकलं होतं. पण आज त्याने डबा उघडून दाखवला. थर्माकोलच्या तुकड्यात खरोखरच एकच गळ टोचलेला होता. मग तिनेच झाकण लावलं.

आता तुम्ही म्हणाल, गळ काय बाजारात मिळत नाहीत? मिळतात, पाकिटंच्या पाकिटं मिळतात. पण नुसता गळ काय चाटायचाय? तो तंगुसाला बांधावा लागतो, आणि समाधानला तेच जमत नव्हतं. सिन्नरच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं मशीनमध्ये गेली होती. त्या हाताने भाकरी मोडता यायची, स्कूटर चालवता यायची, पण केसासारखा बारीक नायलॉनचा दोरा त्या बोटांत ठरत नसे. त्यामुळे इतकी वर्षं त्याचे गळ यज्ञेश्वर बांधून देत आला होता, वीतभर तंगुसाला, टोकाला फासा ठेवून; समाधानने तो फासा वजनाच्या शिशाखालच्या कडीत नुसता अडकवायचा.

यज्ञेश्वर पंचवटीतला. घराणं यात्रेकरूंच्या उपाध्यायांचं, हा स्वतः बँकेत. या माणसाने जन्मात मासा खाल्ला नाही आणि पाण्यात गळ टाकल्याशिवाय रविवार घालवला नाही. मासा धरायचा, हातात घेऊन डोळे भरून बघायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. नातेवाईक नाकं मुरडायचे, मासे खाणारे कपाळाला हात लावायचे. समाधान त्याला गुरुजी म्हणे. आधी चिडवायला म्हणायचा, पुढे तेच नाव होऊन बसलं.

गुरुजींचे वडील घरी जानवी करायचे. त्यामुळे ब्रह्मगाठ त्यांच्या बोटांत लहानपणीच बसलेली. तिच्यावरूनच त्यांनी गळाची स्वतःची अशी एक गाठ काढली होती, दुसऱ्या कुणाला ती जमली नाही. फेरे घालून झाले की गाठ तोंडात धरायची, थुंकीने ओली करायची आणि मगच आवळायची, कारण कोरडा तंगूस आवळताना घासतो आणि कच्चा होतो. उरलेलं टोक दातांनी तोडायचं. दाताच्या दुखण्यासाठी त्यांच्या तोंडात सदा लवंग असायची, म्हणून त्यांच्या गळांनाही लवंगेचा वास यायचा. ब्रह्मगाठ, आणि ती उष्टी? समाधान विचारायचा. माशाला सोवळं नसतं रे, असं गुरुजींचं उत्तर ठरलेलं.

गळ बारीक, तंगूस बारीक, आणि भरवसा सगळा धीरावर. मासा ओढायचा नसतो, दमवायचा असतो, हे त्यांनी समाधानला हजारदा ऐकवलं असेल. ढील द्यायची. त्याला वाटतं, सुटलो. पळू दे की. मग एका जागी शांत झाला, की सावकाश गुंडाळायचं. त्यांचं रीळ जुनं, ढील देताना टिर्रर्र असं वाजायचं.

एकदा मात्र एक कटला फारच झुंजला होता. गुरुजींनी तो काठाला आणला, बघितला, सोडला, आणि तो पोट वर करून तरंगला. गुडघाभर पाण्यात उभं राहून ते त्याला किती वेळ दोन्ही हातांनी धरून होते. कल्ले हलले नाहीत. “फार दमवला,” ते म्हणाले. “इतका दमवला की सोडून उपयोग नसतो.” 

दिवाळीनंतर गुरुजी गेले, तेही काठावरच. दिंडोरीच्या पुढे, द्राक्षबागा संपतात तिथलं धरण. दोघे नेहमीसारखे शेजारी बसलेले. समाधान बोलत होता आणि गुरुजी उत्तर देत नव्हते, पण त्यात नवल नव्हतं, तंगुसावर नजर असली की ते असेच असायचे. मग समाधानला त्यांच्या शर्टावर पडलेली लवंग दिसली. हातात रॉड नव्हता. कुठल्याशा माशाने तो पाण्यात ओढून नेला असणार. धरणावर जाळी लावणाऱ्या मंगळूने थर्माकोलच्या तराफ्यावरून नंतर पुष्कळ शोधला, पण रॉड सापडला नाही. गुरुजींचे डोळे मिटायला समाधान वाकला, तेव्हा त्याच्या मानेवर मागून काहीतरी चावलं. डास असेल म्हणून त्याने हात मारला आणि विसरला.

तेराव्यानंतर गुरुजींच्या पत्नीने, इंदिरावहिनींनी, गळांचा डबा त्याच्या हाती दिला. ह्यांनी बांधून ठेवलेले तेवढे तुम्हीच संपवा भाऊजी, मला ते घरात बघवत नाहीत, म्हणाल्या.

त्याच सुमारास समाधानला थकवा जडला. साधासुधा नव्हे. सकाळी उठायचा तोच दिवसभर ओझं वाहिल्यासारखा. जेवण जाईना, रात्री डोळ्याला डोळा लागेना, आणि कारखान्यात उभ्याउभ्या पेंग यायची. मशीनवर दोनदा डुलकी लागली. दुसऱ्यांदा शेजारच्याने हात मागे खेचला म्हणून निभावलं. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, मित्र गेला, मनाला लागलंय. रविवार आला की मात्र त्याचे पाय धरणाकडे वळायचे. एकदा तो भाजी आणायला म्हणून निघाला आणि भानावर आला तेव्हा दिंडोरी मागे पडली होती. कुणीतरी ओढतंय आणि आपण उगाच धडपडतोय, असं त्याला वाटायचं. विचार करकरून तो एवढ्यावर आला होता की ही सगळी ओढ त्या डब्यातल्या गळांची आहे. ते संपले की गुरुजी संपले. मग झोप लागेल, आणि उरलेली बोटं शाबूत राहतील.

धरणावर पोचला तेव्हा उन्हं कलली होती. बागांमधून गंधकाच्या फवारणीचा वास येत होता. शेतीला पाणी सोडल्यामुळे धरण उतरलं होतं आणि काठाचा चिखल वाळून त्याच्या खपल्या निघाल्या होत्या. त्याने खुर्ची मांडली, कणकेचा गोळा लावला आणि गळ फेकला. शिसं डुबकन बुडालं. पाणी पुन्हा गप्प झालं.

मंगळू जाळी गोळा करून तराफा काठाला लावत होता. जाता जाता थांबला.

“आज लयच खाली बसलं तुमी,” तो म्हणाला. “खुर्ची वर घ्या जरा.”

पाणी उतरलंय ना, म्हणून, असं समाधान म्हणाला.

“पाणी उतरलं तं काठ उतरंल. तुमी कशाला उतरता?” मंगळूने त्याच्या पायांकडे बोट केलं. “दर खेपंला उलीसं खालीच सरकता. मी बघतो ना.”

समाधानने खाली पाहिलं. चपलांना पाणी लागत होतं. त्याने खुर्ची मागे घेतली. मंगळू जाळं खांद्यावर टाकून बागेच्या बाजूने निघून गेला, आणि मग त्या काठावर दुसरं कोणी उरलं नाही.

थोड्या वेळाने गळ अडकला. तळाशी बुडालेल्या बाभळी होत्या, त्यांतल्याच एखादीत असेल. समाधानने हलकेच ओढून पाहिलं, बाजूला जाऊन पाहिलं. शेवटी तंगूस हाताला गुंडाळून खेचला, तसा तो तटकन तुटला. झालं. शेवटचा गळ गेला. त्याला रडू येईल असं वाटलं होतं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. तो खुर्चीत तसाच टेकून बसला. तुटलेला तंगूस पाण्यात होता, तो गुंडाळायचाही त्याला कंटाळा आला होता.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा त्याने रीळ फिरवायला घेतलं. शिसं वर आलं. शिशाखाली काहीतरी चमकलं.

गळ होता.

अडकलेलाच सुटून आला म्हणावं, तर तंगूस तुटल्याचं त्याच्या हाताला स्पष्ट कळलं होतं. त्याने गळ जवळ घेतला. नवा कोरा. गाठ नीट आवळलेली, टोक दातांनी तोडलेलं, चपटं. माघातलं धरणाचं पाणी बर्फासारखं गार होतं आणि गाठ कोमट होती. त्याने ती नाकाशी नेली. लवंगेचा वास आला.

तुम्ही-आम्ही असतो तर तिथूनच पळालो असतो. पण थकलेल्या माणसाला भीतीही उशिरा पोचते. त्याने चाकूने गळ कापून खाली टाकला आणि नुसतं शिसं पुन्हा पाण्यात फेकलं. खात्री करून घ्यायची होती. या वेळी थांबावंही लागलं नाही. दोन वेढे गुंडाळले असतील नसतील, तंगुसाला अगदी बारीक हिसका बसला, कुणी गाठ आवळावी तसा. वर आला तेव्हा दुसरा गळ बांधलेला होता. गाठीवर थुंकीचा फेस अजून होता.

“गुरुजी…” त्याच्या तोंडून निघालं. “पुरं आता. लय दमलो मी…”

पाणी हललं नाही. त्याने तंगूस कापला, डबा तिथेच टाकला, खुर्चीही टाकली आणि चढाला लागला. चार पावलं गेला असेल, तोच मागे, पाण्याच्या आतून, आवाज आला.

टिर्रर्र…

तो थांबला. आवाज थांबला. तो पुन्हा चालायला लागला. टिर्रर्र… त्याने मागे वळून पाहिलं नाही. स्कूटर चालू झाली, आणि मग इंजिनाच्या आवाजात दुसरं काही ऐकू आलं नाही.

दिवेलागणी उलटून गेल्यावर का होईना, तो घरी आला. हात-पाय धुतले, आमटीभात जेवला आणि पाठ टेकताच गाढ झोपला. सोमवारी त्याने सुट्टी टाकली. उठला तो हसतच. तीन भाकरी खाल्ल्या, शेजाऱ्याच्या नातीशी खेळला, बंद पडलेला पंखा दुरुस्त केला. थकवा कुठल्या कुठे गेला होता. शुभांगी स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडली. संध्याकाळी तिने त्याला समोर बसवलं आणि डोक्याला तेल लावायला घेतलं.

मानेवर, केसांच्या कडेला, तिच्या बोटाला काहीतरी टोचलं.

तिने त्याला ट्यूबलाइटखाली वळवलं. बारीक गळ होता. चिलापी धरायला वापरतात तसला. टोक आत, दांडी बाहेर, आणि भोवतीची कातडी केव्हाच भरून आलेली. कान टोचल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी भोक जून होतं, तशी. गळाला तंगूस बांधलेला होता. तिने बोटांनी तो चाचपत नेला. कॉलरवरून पाठीवर, पाठीवरून फरशीवर, आणि फरशीवरून सैल वळणं घेत बंद दाराच्या फटीतून बाहेर. उंबऱ्यापाशी तो ओला होता.

समाधानने मागे हात नेऊन गाठ चाचपली. त्या थोट्या बोटांनाही ती ओळखू आली.

“गुरुजींची गाठ हाय,” तो म्हणाला. आवाज अगदी शांत. “घाबरू नको. ते सोडून देतात. त्यांनी कधी ठेवून घेतला नाय…”

त्या शांतपणाचीच तिला भीती वाटली. तिने शिवणाच्या डब्यातली कात्री आणली आणि तंगूस मानेजवळ कापला. फरशीवरचं टोक क्षणभर पडून राहिलं. मग कसलीही घाई नसल्यासारखं सरकत सरकत दाराखालून निघून गेलं.

तिने कडी लावली, वर टेबल सरकवलं. गळ उपटायचा धीर तिला झाला नाही, आतल्या काट्याने मांस फाटलं असतं. दवाखाना सोमवारी संध्याकाळी बंद. सकाळी पहिल्या नंबराला जायचं तिने ठरवलं आणि त्याचा हात हातात घट्ट धरून बसून राहिली. तो मात्र पडल्या पडल्या झोपला. पहाटे केव्हातरी तिचाही डोळा लागला.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. कडी होती तशी, टेबल होतं तसं. समाधान कुशीवर निजलेला, चेहऱ्यावर कसलीही तक्रार नाही, श्वास इतका मंद की तिने नाकापाशी हात धरून पाहिला. खोलीत लवंगेचा वास होता. तिने मानेवरचे केस बाजूला केले. काल कापला होता तिथे दोन्ही टोकं जोडून नवी गाठ मारली होती. ती ओली होती, कोमट होती, आणि तिची टोकं दातांनी तोडलेली होती.

काल फरशीवर सैल पडलेला तंगूस आज दारापर्यंत सरळ ताणलेला होता.