लूप लाइनवर बघण्याचा कार्यक्रम

मला बघायला येणारा मुलगा रणगाडे घेऊन येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं!

मी संयोगिता, कराडजवळच्या एका छोट्या स्टेशनची स्टेशन मास्तर. त्या दुपारी पाऊस रिमझिमत होता. मागून एक्सप्रेस यायची होती, म्हणून लष्कराची स्पेशल गाडी मी बाजूला, लूप लाइनवर घेतली. अठरा मिनिटं थांबणार. उघड्या मालडब्यांवर ताडपत्रीखाली ओळीनं रणगाडे. अशी गाडी कुठं चालली हे आम्हालाही सांगत नाहीत.

गाडी थांबताच जवान रणगाडे बांधलेल्या साखळ्या तपासायला उतरले. त्यातला एक उंच, भिजलेला जवान नळावर बाटली भरायला आला. त्याची नजर माझ्या नावाच्या पट्टीवर गेली आणि... बाटली भरून वाहायला लागली.

"तुमी... उंब्रजच्या मोहित्यांच्या संयोगिता?"

"व्हय. का?"

"मी धैर्यशील. रविवारी तुमास्नी बघायला येणार हुतो, त्यो."

माझं डोकंच फिरलं. साडी नेसून तीन तास बसले होते मी!

"आलाच न्हाई त्यो, असं म्हणा की!"

"ऐनवेळी रजा रद्द झाली. फोनबी जमा करून घेतले. कळवू तरी कसं?"

"आज सांजच्याला सांगलीचे पाहुणे मला बघायला येणार हायत. आण्णा त्यांना शब्द देणार."

त्याचा चेहरा पार उतरला... आणि मला, खरं सांगते, फार बरं वाटलं.

"मग आत्ताच बघा की मला," तो म्हणाला. "किती मिनिटं हायत?"

"अकरा."

"लय झाली. इचारा!"

तोवर बातमी गाडीभर पसरली होती. म्हसवडचे हवालदार आकाराम खाली उतरून थेट वराकडचे वडीलधारे झाले. "पोरी, पोरगं निर्व्यसनी हाय. फकस्त घोरतंय."

हसू दाबत मी विचारलं, "लग्नानंतर माझी नोकरी?"

"तुमी घरी बसलात, तर आमचे रणगाडे काय चालत जाणार सरहद्दीवर?"

"परत कवा येणार?"

तो बाटलीचं बूच फिरवत राहिला. "ठावं न्हाई... म्हणून तर मागायला जीभ रेटंना. पर तुमी थांबलात तर—"

एक्सप्रेस धडधडत निघून गेली. मी आत पळाले, सिग्नल दिला आणि हिरवा झेंडा घेऊन फलाटावर उभी राहिले. गाडीनं हिसका दिला. तो डब्याच्या दारात लोंबकळत ओरडला, "ह्यो झेंडा म्हंजी व्हय समजू का?"

"ह्यो मी मालगाडीलाबी दाखवती!"

त्याचा डबा पुढं सरकला. चाकांच्या खडखडाटावर मी सगळा जीव एकवटून ओरडले, "थांबन मी! ऐकलं का? थांबन!"

अख्ख्या डब्यानं आरोळी ठोकली!

गाडी पुढच्या स्टेशनात पोचल्याचं कळलं, तशी मी घरी वडलांना फोन लावला. "आण्णा, सांगलीच्या पाहुण्यांना नको म्हणून कळवा. धैर्यशील येऊन गेला. मला लय आवडलाय."

आण्णांची उमर फौजेत गेलेली.

"पोरी, फौजीची वाट बघायला लय कळ काढावी लागती. आधी तुझ्या आईला इचार."

"इचारते की," मी म्हणाले. "पर आण्णा... मी व्हय म्हणून बसलीया."